निळे-लाल ठिपके आणि ‘सत्य’ लेबलं: एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी



नेटवर्क सायन्सचा एखादा कोर्स केला असेल, तर ते चित्र तुम्ही नक्की पाहिलंय. एका बाजूला निळ्या ठिपक्यांचा गोळा, दुसऱ्या बाजूला लाल ठिपक्यांचा गोळा आणि मधे नारिंगी-जांभळ्या विरळ रेषा. निळे ठिपके म्हणजे अमेरिकेतले उदारमतवादी राजकीय ब्लॉग, लाल म्हणजे परंपरावादी. लाडा अ‍ॅडॅमिक आणि नॅटली ग्लान्स यांच्या २००५ च्या पेपरमधलं हे चित्र. समाज दोन तुकड्यांत फाटलाय हे दाखवायला जगभरच्या स्लाइड्सवर ते वापरलं जातं.

मीही वापरलं. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी, प्रगती अहवालाच्या सेमिनारमध्ये. माझा अल्गोरिदम या ब्लॉगांचे दोन गट किती बरोबर ओळखतो, हे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होते. स्लाइडवर शब्द होता ‘सत्य लेबलं’. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, “ही सत्य लेबलं लावली कुणी?”

मला उत्तर देता आलं नाही. पेपर मी वाचलेला होता, म्हणजे सारांश आणि चित्र. तुम्ही संशोधनात उतरायच्या तयारीत असाल तर ही फजिती तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा लेख. यात मी त्या पेपरवर टीका करणार आहे, पण त्याहून जास्त टीका तो ज्या पद्धतीने वापरला जातो त्यावर आहे. त्या वापरात मीही आलेच.

आधी पार्श्वभूमी: ब्लॉगांचा दावा काय होता?

आकड्यांकडे जाण्याआधी तो काळ समजून घेऊ. २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेत राजकीय ब्लॉग जोरात होते. त्यांचा दावा असा की, मोठी वर्तमानपत्रं आणि टीव्ही वाहिन्या पक्षपाती आहेत आणि आम्ही त्यांच्यावर पहारा ठेवतो. या दाव्याला बळ देणारी दोन प्रकरणं नेहमी सांगितली जातात.

पहिलं ट्रेंट लॉट यांचं. ५ डिसेंबर २००२ रोजी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवसाचा समारंभ झाला. हे थर्मंड १९४८ साली वंशभेदाच्या बाजूने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले होते. रिपब्लिकन नेते लॉट भाषणात बोलून गेले की, तेव्हा सगळ्या देशाने त्यांना मत दिलं असतं तर पुढच्या अडचणी आल्या नसत्या. तिथे पत्रकार हजर होते, समारंभ सी-स्पॅनवर दिसलाही होता, तरी बहुतेक मोठ्या माध्यमांनी त्याची विशेष दखल घेतली नाही. जॉश मार्शल यांचा ‘टॉकिंग पॉइंट्स मेमो’ आणि ‘एट्रिऑस’ यांचा ब्लॉग यांसारख्यांनी विषय सोडला नाही, जुने संदर्भ काढले. पंधरवड्यात, २० डिसेंबरला, लॉट यांनी सिनेटमधलं पक्षनेतेपद सोडत असल्याचं जाहीर केलं.

दुसरं प्रकरण सीबीएसचं. ८ सप्टेंबर २००४ रोजी, निवडणुकीला दोन महिने असताना, डॅन रादर यांनी ‘सिक्स्टी मिनिट्स’च्या बुधवारच्या कार्यक्रमात काही कागद दाखवले. जॉर्ज बुश यांच्या टेक्सास एअर नॅशनल गार्डमधल्या सेवेबद्दल त्यांच्या वरिष्ठांनी १९७२-७३ मध्ये लिहिलेली ही टिपणं आहेत, असा दावा होता. काही तासांतच एका ऑनलाइन चर्चेत कुणीतरी लिहिलं की, ही अक्षरं टाइपरायटरची नाहीत, संगणकाची वाटतात. दुसऱ्या दिवशी ‘पॉवर लाइन’ने ते उचललं. ‘लिटल ग्रीन फुटबॉल्स’च्या चार्ल्स जॉन्सन यांनी तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, काहीही सेटिंग न बदलता टाइप केला आणि तो मूळ कागदावर ठेवून दाखवला. जवळजवळ तंतोतंत जुळला. सीबीएस सुमारे बारा दिवस आपल्या म्हणण्यावर ठाम राहिलं. मग २० सप्टेंबरला, कागद खरे असल्याचं सिद्ध करता येत नाही, अशी कबुली आली.

इथपर्यंत गोष्ट झकास आहे. प्रश्न पुढे सुरू होतात.

पेपर नेमकं काय म्हणतो?

पेपरचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात निवडणुकीच्या आसपासच्या साधारण अडीच महिन्यांत दोन्ही बाजूंचे आघाडीचे वीस-वीस ब्लॉग काय लिहीत होते, कुणाला लिंक देत होते, हे पाहिलंय. दुसऱ्या भागात हजाराहून जास्त ब्लॉगांच्या पहिल्या पानांवरच्या लिंका एकाच दिवशी गोळा केल्यात. प्रसिद्ध चित्र या दुसऱ्या भागातलं आहे.

निष्कर्ष थोडक्यात असे. एकूण लिंकांपैकी ९१ टक्के लिंका आपापल्या गटातच राहतात. दोन्ही गट साधारण सारख्या आकाराचे असल्याने, कुणीही कुणालाही डोळे मिटून लिंक दिली असती तर हा आकडा ५० च्या आसपास आला असता. म्हणजे गटबाजी आहे, आणि भरपूर आहे. शिवाय परंपरावादी ब्लॉग एकमेकांना जास्त लिंक देतात. त्यांच्यातले ८४ टक्के ब्लॉग निदान एका तरी दुसऱ्या ब्लॉगला लिंक देतात, उदारमतवाद्यांमध्ये हेच प्रमाण ७४ टक्के.

पेपर मर्यादित आहे आणि नेटका आहे. लेखिकांनी फार मोठा आव आणलेला नाही. गडबड होते ती पेपरच्या बाहेर. आता एकेक मुद्दा बघू.

एक: लेबल कुठून आलं?

हाच तो परीक्षकांचा प्रश्न. या डेटाची फाइल सार्वजनिक आहे. तिच्यात १४९० ब्लॉग आहेत, ७५८ उदारमतवादी आणि ७३२ परंपरावादी. फाइलसोबतच माहितीचा छोटा मजकूर आहे. तो कुणी वाचत नाही, मीही वाचला नव्हता. त्यात स्वच्छ लिहिलंय की, बहुतेक लेबलं ब्लॉगांच्या डिरेक्टरींमधून घेतली आहेत आणि काही हाताने लावली आहेत. हाताने लावताना त्या ब्लॉगने कुणाला लिंक दिल्या, त्याला कुणी दिल्या आणि निवडणुकीच्या काळात त्यावर काय लिहिलं गेलं, हे पाहिलं. डिरेक्टरीच्या लेबलांमध्ये चुका असू शकतात आणि हाताने लावलेल्यांमध्ये आणखी जास्त, हेसुद्धा तिथेच सांगितलंय.

आता जरा थांबून विचार करा. काही लेबलं लिंका बघून लावली. मग आपण अल्गोरिदमला फक्त लिंका देतो. तो गट पाडतो. ते गट लेबलांशी जुळले की आपण टाळ्या वाजवतो. यातला काही भाग तरी सरळसरळ वर्तुळाकार आहे. ज्या पुराव्यावरून उत्तर ठरवलं, त्याच पुराव्यावरून आपण ते ‘शोधून’ काढतोय.

उपाय अवघड नाही. प्रत्येक ब्लॉगचं लेबल कुठून आलं, याचा रकाना फाइलमध्ये आहे. हाताने लेबल लावलेले ब्लॉग मोजणीतून वगळा आणि अचूकता पुन्हा काढा. दहा-पंधरा ओळींचा कोड आहे. काय होतं ते मी सांगत नाही, स्वतः करून बघा. माझ्या अहवालात हा तक्ता आधीपासून असता, तर त्या प्रश्नावर मी गप्प बसले नसते.

हा मुद्दा मला एकटीलाच सुचला असंही नाही. २०१७ मध्ये पील, लॅरेमोर आणि क्लॉसेट यांनी ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये यावर अख्खा पेपर लिहिला. नोडला चिकटवलेली माहिती आणि नेटवर्कची खरी रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीला ‘सत्य’ म्हणणं चूक आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी २०११ मध्ये कॅरर आणि न्यूमन यांनी याच ब्लॉगांवर एक गंमत दाखवली होती. एक साधं, सर्रास वापरलं जाणारं मॉडेल या ब्लॉगांचे दोन गट पाडतं खरं, पण ते निळे-लाल नसतात. एका गटात भरपूर लिंकावाले, दुसऱ्यात थोड्या लिंकावाले. प्रत्येक ब्लॉगच्या लिंकसंख्येचा हिशोब मॉडेलमध्ये घातला की मग राजकीय गट दिसतात. पहिलं उत्तर चूक होतं का? नाही. मोठे ब्लॉग आणि लहान ब्लॉग ही विभागणीसुद्धा खरीच आहे. आपण ती शोधत नव्हतो, एवढंच.

दोन: गाळलं कुणाला?

बहुतेक पेपरांत तुम्हाला १४९० ऐवजी १२२२ हा आकडा दिसेल. कारण एकमेकांशी जोडलेला सगळ्यात मोठा तुकडा तेवढा आहे आणि बाकीचे २६८ ब्लॉग आपण ‘साफसफाई’ म्हणून काढून टाकतो. या १२२२ मध्ये ५८६ उदारमतवादी आणि ६३६ परंपरावादी आहेत.

वजाबाकी करा. गाळलेल्यांत १७२ उदारमतवादी आणि ९६ परंपरावादी. म्हणजे एका बाजूचे शंभरात सुमारे २३ ब्लॉग गेले आणि दुसऱ्या बाजूचे सुमारे १३. साफसफाई दोन्ही घरांत सारखी झालेली नाही. मूळ यादीत उदारमतवादी थोडे जास्त होते, साफसफाईनंतर परंपरावादी जास्त झाले!

माध्यमांच्या पक्षपातावर लिहिताना आपल्याच डेटात असा एकतर्फी गाळ निघत असेल, तर निदान एक ओळ तरी लिहायला हवी. शिवाय जे गेले ते एकटे पडलेले, कुणी दखल न घेतलेले ब्लॉग. ‘सामान्य माणसाला आवाज मिळाला’ हा दावा तपासायचा असेल तर खरं तर त्यांनाच आधी बघायला हवं. मॅथ्यू हिंडमन यांचं २००९ चं ‘द मिथ ऑफ डिजिटल डेमोक्रसी’ हे पुस्तक याच ठिकाणी बोट ठेवतं. लिहितात खूप जण, वाचले जातात मोजकेच. आणि ते मोजके लोक प्रामुख्याने उच्चशिक्षित, नामांकित विद्यापीठांतून आलेले. ‘पॉवर लाइन’ चालवणारे तिघंही वकील होते. पायजमा घालून घरी बसलेला कुणी सोम्यागोम्या वाहिनीला हरवतो, ही गोष्ट ऐकायला छान वाटते, पण पुरती खरी नाही.

तीन: लिंक म्हणजे काय?

हजार ब्लॉगांच्या भागात जी लिंक मोजली आहे, ती पहिल्या पानावर सापडलेली लिंक. त्या काळी ब्लॉगच्या कडेला ‘हे वाचा’ म्हणून आवडत्या ब्लॉगांची कायमची यादी असायची. एकदा लावली की वर्षानुवर्षं तशीच. मजकुरात एखाद्याचा मुद्दा खोडून काढण्यासाठी दिलेली लिंक वेगळी आणि कडेच्या यादीतली मैत्रीची लिंक वेगळी. एकाच दिवसाच्या झडतीत दोन्ही एकाच पोत्यात जातात. दुसरं म्हणजे, ही झडती फेब्रुवारी २००५ मधली, म्हणजे निवडणुकीनंतर तीन महिन्यांची. चित्राखाली ‘२००४ ची निवडणूक’ लिहिताना हे लक्षात ठेवायला हवं.

उलट दिशेनेही चूक होऊ शकते. गटाबाहेर लिंक गेली म्हणजे संवाद झाला असं नाही. २००८ मध्ये एस्तर हार्गिट्टाई आणि सहकाऱ्यांनी अशा पलीकडे जाणाऱ्या लिंका माणसांकडून वाचून घेतल्या. समोरच्याचं म्हणणं मोडूनतोडून मांडायचं आणि मग त्याला झोडायचं, हा प्रकार त्यांत भरपूर निघाला. पण मुद्द्याला धरून केलेली चर्चाही सापडली.

आता लॉट प्रकरण आठवा. त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांत ‘इन्स्टापंडिट’चे ग्लेन रेनल्ड्स आणि अँड्र्यू सलिव्हन हेही होते, ज्यांना डावं कुणीच म्हणणार नाही. दोन्ही बाजूंनी आवाज उठला म्हणून तर दबाव वाढला. ब्लॉगांच्या ताकदीचं जे उदाहरण सगळ्यात आधी दिलं जातं, त्यात गटांची भिंत ओलांडलेली दिसते. निळ्या-लाल चित्रात ही घटना कुठे दिसेल? कुठेच नाही. ते चित्र सवयी दाखवतं, प्रसंग दाखवत नाही.

चार: लिहिणारे आणि वाचणारे

सगळ्यात मोठी उडी इथे मारली जाते. ‘ब्लॉग एकमेकांना लिंक देत नाहीत’ यावरून ‘लोक दुसरी बाजू वाचत नाहीत’ असा निष्कर्ष. पहिलं विधान लेखकांबद्दल आहे, दुसरं वाचकांबद्दल.

जेंट्झको आणि शपिरो यांनी २०११ मध्ये वाचकांचाच डेटा घेतला. परंपरावादी वाचक ज्या साइटवर जातो, तिथे त्याच्यासारखेच परंपरावादी सरासरी किती भेटतात? ६०.६ टक्के. उदारमतवादी वाचक जातो तिथे परंपरावादी किती? ५३.१ टक्के. फरक फक्त ७.५ टक्के गुणांचा. राष्ट्रीय वर्तमानपत्रांच्या छापील वाचकांत हाच फरक १०.४ होता. कारण साधं आहे. कट्टर ब्लॉग वाचणारे थोडे आणि तेही मोठ्या बातम्यांच्या साइटवर जातातच. ९१ टक्के आणि ७.५ हे दोन आकडे एकमेकांना खोडत नाहीत, ते दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. (त्यांचा डेटा २००९ चा आहे. आजच्या फीडला तो जसाच्या तसा लावायचा नाही, नाहीतर आपणही तीच उडी मारू.)

मग पक्षपाताचं काय?

आता सीबीएसकडे परत. त्या प्रकरणातून तीन वेगळी विधानं निघतात. वाहिनीने चूक केली. ब्लॉगांनी ती पकडली. चूक पक्षपातामुळे झाली. पहिली दोन पक्की आहेत. तिसऱ्याचं काय?

डिक थॉर्नबर्ग आणि लुई बोकार्डी यांच्या स्वतंत्र समितीचा अहवाल जानेवारी २००५ मध्ये आला. घाई, कागदांची नीट पडताळणी न करणं आणि नंतर आंधळेपणाने आपलीच बाजू लावून धरणं, यावर त्याने कडक ताशेरे ओढले. निर्माती मेरी मेप्स यांची नोकरी गेली. पण यामागे राजकीय हेतू होता असा निष्कर्ष समितीने काढला नाही. कागद बनावटच आहेत असाही ठाम निवाडा दिला नाही. म्हणजे ‘पक्षपात सिद्ध झाला’ असं जे सर्रास सांगितलं जातं, ते अहवालातून निघत नाही. पक्षपात नव्हता हेही त्यातून सिद्ध होत नाही, हे लगेच जोडते.

आणि ब्लॉगांचं तरी सगळं बरोबर होतं का? त्या काळात अक्षरागणिक कमी-जास्त जागा सोडणारे टाइपरायटर नव्हतेच, असा दावा सुरुवातीला काहींनी केला. तो चूक होता, आयबीएमचं तसं यंत्र बाजारात कधीच आलेलं होतं. वर्डमधली जुळणी हा खरा दमदार पुरावा. पण गर्दीत कच्चे आणि पक्के पुरावे एकत्रच वाहत आले.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहारेकरी कुणाच्या दारावर उभा आहे. बुश यांना अडचणीचा कागद उजव्या ब्लॉगांनी भिंग लावून तपासला. त्याच मोसमात जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधल्या नौदल सेवेवर आरोप करणाऱ्या जाहिराती चालू होत्या. नौदलाच्या नोंदी त्या आरोपांशी जुळत नव्हत्या, तरी उजव्या बाजूला त्यांना चांगली साथ मिळाली. आणि निकालानंतर ओहायोत मतं चोरली गेली, ही कुजबुज डाव्या ब्लॉगांवर पसरली. आपल्याला न आवडणारी बातमीच तपासायची, हासुद्धा पक्षपातच. दोन पक्षपाती पहारेकरी मिळून एक निष्पक्ष पहारेकरी होतो का? कधीकधी होतो, कारण प्रत्येक जण दुसऱ्याची चूक शोधतो. पण त्यासाठी एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या वाचकापर्यंत पोचायला हवं. ते पोचतं का, हा संशोधनाचा खरा प्रश्न आहे. आणि निळं-लाल चित्र त्याचं अर्धंच उत्तर देतं.

तुमच्यासाठी

पेपरचं श्रेय कमी करायचं नाहीये. दोघींनी डेटा खुला ठेवला, त्यातल्या उणिवा फाइलसोबतच लिहून ठेवल्या. वीस वर्षांनी मला ही टीका करता येते ती त्यामुळेच. प्रामाणिक संशोधन असंच असतं. उणिवा त्यांनी लपवल्या नाहीत, आपण वाचल्या नाहीत.

उद्या तुमच्यापैकी कुणी मराठी वर्तमानपत्रांचा किंवा यूट्यूब वाहिन्यांचा कल मोजायला घेईल. तेव्हा अमेरिकेतले दोन रंग उचलून इथे चिकटवू नका. आपल्याकडे पक्ष दोनच नाहीत, आणि एकाच संपादकीयात जातीच्या प्रश्नावर एक कल आणि बाजारपेठेच्या प्रश्नावर दुसरा, असं होऊ शकतं. आणि कुठलाही तयार डेटा वापरण्याआधी चार प्रश्न वहीत लिहून घ्या. लेबल कुणी लावलं आणि कशावरून? साफसफाईत कोण गेलं? मोजलेली गोष्ट प्रत्यक्षात काय आहे? आणि निष्कर्ष ज्यांच्याबद्दल काढतोय, डेटा त्यांचाच आहे ना?

सेमिनारनंतर मी प्रकरणातला ‘सत्य लेबलं’ हा शब्द शोधून शोधून बदलला. आता तिथे ‘डिरेक्टरींमधून आणि हाताने लावलेली लेबलं’ असं लिहिलंय. वाक्य लांबलं, अचूकतेचा आकडा आधीइतका रुबाबदार वाटत नाही. गाईडना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आता हे प्रकरण वाचण्यासारखं झालं.”